आठ खुणांचा पेला

[दृश्य: अंधाऱ्या खोलीत संगणकाचा लुकलुकणारा दिवा]

विंडोज झटक्यात सुरू होतं. काल उतरवलेला चित्रपट बघता बघता कॉपी होतो. पण गेल्या वर्षीच्या सहलीचे फोटो उघडायला जावं, तर घाटात ट्रकच्या मागे गाडी अडकावी तसं सगळं रखडतं. डिस्क एकच. फरक फक्त फायलींच्या वयाचा.

२०१४ मध्ये सॅमसंगच्या ८४० ईव्हो या एसएसडीचे (फिरते भाग नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कचे) मालक हेच सांगू लागले. आदल्या वर्षी बाजारात आलेली ही डिस्क परवडणारी होती, म्हणून हातोहात खपली होती. वाचनाचा जाहीर वेग सेकंदाला ५४० एमबी. जुन्या फायलींसाठी मात्र तो १०० च्याही खाली घसरत होता. म्हणजे जिला अडगळीत टाकून ही घेतली, ती गरगर फिरणारी हार्ड डिस्क बरी!

मग हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण वेग मोजण्याची रीतच तशी. चाचणीचा प्रोग्रॅम एक नवी फाइल लिहितो आणि लगेच तीच वाचतो. तव्यावरची पोळी चाखायची आणि डब्यातल्या कालच्या पोळ्यांनाही शाबासकी द्यायची, असला प्रकार. काही चिकाटीच्या लोकांनी डिस्कवर आधीपासून असलेल्या फायलीच वयानुसार वाचून पाहिल्या, तेव्हा कुठे घसरण उघडी पडली.

[दृश्य: काचेचा पेला, त्यावर आठ खुणा]

ही डिस्क टीएलसी जातीची. तिच्या एकेका सेलमध्ये, म्हणजे साठवणीच्या सूक्ष्म कप्प्यात, तीन बिट (शून्य किंवा एक असे आकडे) साठवायचे, म्हणजे विजेच्या भाराच्या आठ पातळ्या ओळखायच्या. एका पेल्यावर आठ खुणा करा आणि पाणी नेमकं कोणत्या खुणेला आहे ते सांगा. भरल्या भरल्या सोपं आहे. पण महिन्यांमागून महिने जातात, भार कणाकणानं निसटतो, आणि पाणी दोन खुणांच्या मधे येतं. वाचलेलं जुळत नाही, म्हणून कंट्रोलर (डिस्कचा कारभार सांभाळणारी चिप) मोजमाप थोडं सरकवून पुन्हा वाचतो. मग पुन्हा. माहिती हरवत नाही, वेळ मात्र जातो.

भार निसटणं हा फ्लॅश मेमरीचा, म्हणजे असल्या सेलच्या चिपांचा, स्वभावच. तो बदल धरून मोजमाप जुळवून घेणं हे फर्मवेअरचं, म्हणजे डिस्कच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम, आणि चूक तिथेच होती. सॅमसंगनंही तसं मान्य केलं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये नवं फर्मवेअर आलं, सोबत एक दुरुस्तीचा प्रोग्रॅम. तो काय करायचा? डिस्कवरची सगळी जुनी माहिती पुन्हा लिहून काढायचा. सगळे पेले पुन्हा खुणेपर्यंत भरले. वेग अर्थातच परतला, आणि लोक खूश झाले. खरं तर या उपायाची परीक्षा त्या दिवशी होणंच शक्य नव्हतं. ती घ्यायला फायली पुन्हा जुन्या व्हायला हव्या होत्या.

२०१५ उजाडलं आणि तक्रारी परत आल्या.

[दृश्य: पडद्यावर हळूहळू सरकणारी हिरवी पट्टी]

त्या एप्रिलमध्ये दुसरं फर्मवेअर आलं. या वेळी कंपनीनं सरळ मार्ग धरला: डिस्क मोकळी असेल तेव्हा जुनी माहिती तिनं आपणहून अधूनमधून ताजी करायची. उपाय चालला. थोडा ओबडधोबड वाटतो खरा. कारण प्रत्येक लेखनानं सेल थोडा झिजतोच. विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांच्या नशिबी वेगळीच कटकट आली. नव्या फर्मवेअरमुळे डिस्क सांगू लागली, की आपल्याला ट्रिमची (पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवण्याची) एक नवी पद्धत येते, पण ती तिला धड जमत नव्हती. शेवटी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच, या डिस्कसाठी ती पद्धत बंद करावी लागली.

[दृश्य: कपाटाचा खण उघडतो. आत एक एसएसडी, वायरविना]

आणि पेले पुन्हा भरायचे, तर डिस्कला वीज हवी. खणात ठेवून दिलेली ८४० ईव्हो हे काम करू शकत नाही. तिच्यातलं पाणी खुणांवरून खाली सरकतच असतं.