दुसऱ्या माळ्याचा टोप

(पडदा काळा. लादीवर भांडं सरकल्याचा आवाज. मग उजेड. टोपाचा काठ, अगदी जवळून.)

हा टोप जर्मनचा आहे. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पण गिरणगावात त्याला जर्मनच म्हणत. काठ दोन ठिकाणी चेपलाय. एक कडी मूळची, दुसरी नंतर रिव्हेट मारून बसवलेली. चाळीस माणसांचा भात यात होतो, असं आजी सांगते. पूर्वी नव्या भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत होती. या टोपावरही नाव आहे, पण ते कुणा माणसाचं नाही. तिथे ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय: 'दुसरा माळा'.

आम्ही ही फिल्म करायला निघालो तेव्हा विषय कागदावर सोपा वाटत होता. पैसा कमी, वस्तू कमी, दिवस वाईट, तरी माणसं आनंदात कशी राहिली? उदाहरण घरचंच होतं. माझे आजोबा साचेवाले, मागावर कापड विणणारे. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती कायमचीच. पहिल्या दिवशी कॅमेरा लावला आणि आजीला विचारलं, त्या दिवसांत तुम्ही सुखी होतात का गं?

आजी म्हणाली, "सुख बिख काय नाय. रडूक येळ नाय होतो."

फिल्म तिथेच आटपायची. पण त्याच संध्याकाळी तिने पलंगाखालून हा टोप ओढून काढला, आणि मग दोन तास बोलत बसली.

(वरळीच्या बीडीडी चाळी. मधला व्हरांडा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.)

या बीडीडी चाळी. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाच्या सरकारी खात्याने १९२० च्या दशकात त्या बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन माळे. प्रत्येक माळ्यावर वीस खोल्या, मधून अंधारा व्हरांडा, नळ आणि संडास सगळ्यांचे मिळून. खोली १६० चौरस फुटांची.

एवढ्या जागेत आमच्या घरी आठ माणसं होती. सहा घरची आणि दोन गावाहून आलेले चाकरमानी. त्यातला एक रात्रपाळीला जायचा, एक दिवसपाळीला. दोघांची मिळून वळकटी एकच. एक उठून कामावर गेला की तिच्याच उबेत दुसरा झोपायचा. हे ऐकून आज आपल्याला गंमत वाटते. त्या दोघांना वाटत असेल असं मला वाटत नाही.

वस्तू ठेवायला जागाच नव्हती. मग माळ्यावर न ठरवता एक व्यवस्था बसली. शिलाई मशीन अकरा नंबरमध्ये. इस्त्री चौदा नंबरमध्ये. शिडी जिन्याखाली. पाटा-वरवंटा व्हरांड्यात, कारण तो उचलून न्यायची कुणाची टाप नव्हती. टीव्ही आला तोही आधी एकाच खोलीत. आणि लग्न, बारसं, सत्यनारायण, तेरावं यांसाठी लागणारा मोठा टोप भिशीच्या उरलेल्या पैशांतून सगळ्यांनी मिळून घेतला. मालक कोण? दुसरा माळा. ठेवायचा कुठे? आजीकडे, कारण आमचा पलंग उंच होता. मोठेपणाचं कारण म्हणाल तर एवढंच.

(जुनी छायाचित्रं: गिरणीचं बंद फाटक, धूर नसलेली चिमणी.)

१८ जानेवारी १९८२. डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मागण्या पगारवाढीच्या होत्या, घरभाडे भत्त्याच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या. बदली कामगार म्हणजे रोज फाटकावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी परत. आणि एक मोठी मागणी होती १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा बदलण्याची. त्या कायद्याप्रमाणे कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, आणि कामगारांचा तिच्यावरचा विश्वास कधीच उडाला होता.

संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. मागाहून काही गिरण्या चालू झाल्या, हजारो कामगार परत घेतलेच गेले नाहीत. आजोबा त्यांतले एक.

आमच्या खोलीतून वस्तू कशा गेल्या त्याचा क्रम आजीला पाठ आहे. आधी बांगड्या. मग पितळेचा हंडा आणि कळशी, मोडीच्या भावाने. त्यानंतर रेडिओ. मग आजोबांचं मनगटी घड्याळ. ते काढून देताना आजोबा म्हणाले म्हणे, भोंगाच बंद झालाय, आता वेळ बघून जायचं कुठे आहे? घरात सगळे हसले. आजी नाही हसली.

टोप विकला गेला नाही. जर्मनच्या टोपाला फार पैसे येत नाहीत, हे एक. आणि विकायचा तर वीस घरांना विचारायला हवं होतं.

(स्टोव्हला पंप मारण्याचा आवाज. निळी ज्योत.)

इथून पुढचा भाग आजी रंगून सांगते, म्हणून आम्हीही इथे रेंगाळतो.

रॉकेल रेशनवर मोजून मिळायचं. पाच घरांत पाच स्टोव्ह पेटले तर महिना काही पुरा व्हायचा नाही. कुणाच्या डोक्यातून निघालं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठरलं असं: भात ज्याने त्याने आपल्या घरी शिजवायचा, कालवण मात्र टोपात, एकत्र. आज एकीचा स्टोव्ह, उद्या दुसरीचा. कुणाच्या गावाहून कुळीथ आलेले असायचे, त्याची पिठी. कुणाकडे मूठभर सुका जवळा. कुणी नुसता कांदा घेऊन यायची. संध्याकाळी टोप व्हरांड्यात यायचा, आणि घरात माणसं किती, त्या हिशोबाने डाव.

यातून प्रेमाचा पूर आला असं कृपा करून समजू नका. रोज भांडणं व्हायची. नऊ नंबरवाली मीठ जास्त घालते. सोळा नंबरवाला पोरगा दोनदा रांगेत उभा राहतो. श्रावण आला तेव्हा सुक्या मासळीवरून जी जुंपली, ती थेट गणपतीपर्यंत टिकली. आजी या भांडणांची नक्कल करते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. ज्याला आम्ही सुख म्हणत होतो आणि तिने साफ नाकारलं, ते बहुधा इथेच कुठेतरी सांडलेलं असावं. तिला ते शब्दात नको आहे, एवढंच.

आणखी एक रीत. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तिने वाटीतून काही पाठवलं, तर वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी घालायचं. संपात घालायला काही नव्हतं. तरी टोप कुणाकडून रिकामा आला नाही. चिमूटभर साखर यायची, कढीपत्त्याची काडी यायची. एकदा तर नुसते मिठाचे चार खडे आले. आजी म्हणाली, "काय नाय म्हणान चलता, पण रिकामो कसो धाडूचो?"

(ताटं, ताटल्या, भाकऱ्या थापणारे हात.)

गिरणगावात जेवण हा बायकांचा धंदाही होता. एकट्या राहणाऱ्या कामगारांना खानावळवाल्या बायका घरच्याच चुलीवर रांधून वाढत. खाणाऱ्याला म्हणत मेंबर. मेंबर पगाराला पैसे देणार, तोवर बाईने वाण्याकडून उधारीवर धान्य आणायचं, वाणी सांगेल त्या भावाने. म्हणजे राबायचं हिने आणि नफा वाण्याचा. ही गाठ सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या. बँकेत सही करायला गेलेली खानावळवाली ही त्या काळच्या मुंबईतली लहान गोष्ट नव्हती.

संपात मेंबरांचा पगारच थांबला, आणि खानावळींचीही कसोटी लागली. माझी आजी खानावळवाली नव्हती. पण संपाच्या दुसऱ्या वर्षी तिने डबे करायला घेतले, त्याच टोपात. त्या पैशांवर माझ्या बाबांची शाळा टिकली. आत्याची सुटली. दोघांची टिकवण्याइतके पैसे नव्हते, आणि कुणाची टिकवायची हे कुणी कुणाला विचारलंही नाही. आत्या कॅमेऱ्यासमोर आली नाही. तिने निरोप पाठवला, तुमच्या त्या टोपाचं मला काही कौतुक नाही. तो निरोप तसाच फिल्ममध्ये ठेवायचं आम्ही ठरवलं.

आणि अजून एक. माळा सगळ्यांचा होता, पण चाळ सगळ्यांची होती का? गावाप्रमाणे, जातीप्रमाणे वस्ती होती. याच वरळीत १९७४ च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. या चाळींनी एकमेकींवर पडणारे दगड पाहिले. आमचा टोप कधी समोरच्या चाळीत गेला होता का, असं मी आजीला विचारलं. तिने बराच वेळ पदर सारखा केला. मग म्हणाली, नाही.

(जून १९८३. चित्राऐवजी फक्त आवाज: रेडिओची खरखर, गर्दी.)

संपाला सतरा महिने झाले होते, आणि लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना होता. माळ्यावरच्या एकुलत्या एक टीव्हीसमोर पन्नासेक माणसं. आजोबा दाराबाहेर, एका पायावर, कुणाच्यातरी खांद्यावरून अर्धाच पडदा दिसतोय. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा कुणीतरी टोप पालथा घातला आणि पळीने बडवला. काठाला दिसतो ना, तो पहिला पोचा तेव्हाचा. खिशात दमडी नसलेली माणसं रात्री दोनपर्यंत रस्त्यावर नाचत होती. आजी म्हणते, त्या रात्री तुझ्या आजोबांना मी फार दिवसांनी पोटभर ओरडताना ऐकलं.

(आजचा फोन. पडद्यावर पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक कुंडी.)

हल्ली कमी वस्तूंत राहायचे व्हिडिओ खूप चालतात. मीही बघतो. घर रिकामं करा, मन मोकळं होईल. मग रिकाम्या घरात उरलेल्या वस्तू नीट ठेवायला बांबूचे डबे मागवा, त्याची लिंक खाली दिलेली असते. एक व्हिडिओ आजीला दाखवला. तिने विचारलं, याचे शेजारी कुठे आहेत?

कमी करणं वेगळं आणि कमी पडणं वेगळं. हौसेने कमी करणाऱ्याला परत विकत घेता येतं. आजीचा हंडा मोडीत गेला तो गेला. तिला आजही पितळेचं दुकान दिसलं की ती थांबते, आणि आम्हीही काही न बोलता थांबतो. कमी वस्तूंत तिला आनंद मिळाला, असं मी या फिल्ममध्ये म्हणणार नाही. माळ्यावर एक शिडी होती आणि ती मागायला रोज कुणाच्यातरी दारात जावं लागायचं. मागणं, देणं, परत करणं, परत केलं नाही म्हणून भांडणं. दिवसातून वीस वेळा माणसांशी काम पडायचं. संपात पैसा संपला, ही ये-जा संपली नाही. मला जे सापडलं ते एवढंच आहे.

(नवी इमारत. लिफ्टचं दार उघडतं.)

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. जुन्या १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, स्वतःच्या मालकीचे. त्यांत एक घर आजीचं. हे घर तिला आवडतं. आम्हाला वाटलं होतं, चाळीची आठवण काढून रडेल. ती म्हणाली, संडास घरात आहे, याहून मोठं काय असतं? पहाटे चारला बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईशी यावर वाद घालू नये.

फक्त दार बंद करायला ती तयार नाही. दाराच्या कडेला खुर्ची टाकून बसते. व्हरांड्यासमोर माणसं होती, इथे लिफ्टची दोन दारं आहेत. दुसऱ्या माळ्याची वीस घरं आता वेगवेगळ्या मजल्यांवर गेली आहेत. टोप स्वयंपाकघराच्या बाल्कनीत पालथा असतो.

गेल्या महिन्यात नवव्या मजल्यावर सत्यनारायण होता. तिथली नवी सून टोप मागायला आली. कुणाचा ते तिला माहीत नव्हतं, सासूने नुसतं सांगितलं होतं, जा, आजीकडे असेल. आजीने टोप दिला आणि आम्हाला फोन करून सांगितलं, टोप गेलाय.

कॅमेरा घेऊन आम्ही पोचलो तेव्हा तो परत येत होता. आठ-नऊ वर्षांचा मुलगा दोन्ही हातांनी कड्या धरून लिफ्टमधून बाहेर पडला. आत काहीतरी घरंगळत होतं, टोपाच्या भिंतीवर आपटत होतं. ठण. ठण.

"हळू हाड रे," आजी खुर्चीवरून ओरडली, "लाद्यो फुटतले."

मुलाने टोप खाली ठेवला. आत एक लिंबू होतं.

आजीने ते उचलून नाकाशी धरलं, अंगठ्याने दाबून बघितलं.

"लिंबा म्हाग झाली हत," ती म्हणाली, आणि टोप बाल्कनीत न्यायला सांगितला.