राज्य गमावलेल्या राजांची मशीद

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण कैरोला जाऊ या. तिथल्या किल्ल्याच्या पायथ्याशी दोन प्रचंड मशिदी एका गल्लीच्या अंतरावर समोरासमोर उभ्या आहेत. गल्लीतून वर पाहिलं, की दोन्ही बाजूंना दगडी कडे आणि मधे आभाळाची पट्टी. नवख्या माणसाला त्या जुळ्या बहिणीच वाटतील. पण सुलतान हसनची मशीद बांधायला घेतली १३५६ मध्ये, आणि समोरची अल-रिफाई तिच्याहून पाचशे वर्षांनी धाकटी!

अल-रिफाईचं काम १८६९ मध्ये काढलं खेदिव, म्हणजे इजिप्तचे राज्यकर्ते, इस्माइल यांच्या आईनं, खुशियार हानिम यांनी. रिफाई पंथाच्या सूफींचं जुनं ठिकाण होतं ते. नाव तिथूनच आलं. तिथे मशीद हवी आणि घराण्याच्या कबरींनाही जागा हवी, असं त्यांच्या मनात होतं. आराखडा हुसेन फहमी पाशांचा. पण काम मधेच थांबलं, पुढे खुशियार हानिमही वारल्या, आणि अर्धवट भिंती वीसेक वर्षं तशाच राहिल्या. १९०५ मध्ये हे काम मॅक्स हर्झ या हंगेरियन वास्तुविशारदाकडे आलं. कैरोतल्या जुन्या ममलुक, म्हणजे मध्ययुगीन सुलतानांच्या काळातल्या, इमारती जतन करण्यात त्यांची हयात गेली होती. म्हणूनच इथली उंच प्रवेशद्वारं आणि मधाच्या पोळ्यासारखं कोरीव काम समोरच्या थोरलीशी इतकं जुळतं.

त्या थोरल्या मशिदीत एक भव्य कबरघर आहे. ते ज्यानं स्वतःसाठी बांधलं, तो सुलतान हसन मात्र तिथे नाही. १३६१ मध्ये त्याचा खून झाला आणि देह सापडलाच नाही.

अल-रिफाईत मात्र राजे परतून आले. खेदिव इस्माइल पदच्युत होऊन इस्तंबूलला वारले, विसावले इथे. इजिप्तचे राजे फारूक १९६५ मध्ये रोममध्ये वारले. त्यांना आधी दुसरीकडे पुरलं होतं. राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या काळात इथे आणलं.

आणि इराणचे शहा मोहम्मद रझा पहलवी. त्यांची पहिली पत्नी फौझिया ही फारूकची बहीण, म्हणजे हे दोघे एकेकाळचे मेहुणे. २७ जुलै १९८० रोजी शहा कैरोतच वारले. सादात स्वतः अंत्ययात्रेत चालले. शहांच्या वडिलांचा, रझा शहांचा देहही परदेशी मृत्यूनंतर काही वर्षं याच मशिदीत होता. १९५० मध्ये तो इराणला नेला. मुलगा अजून इथेच आहे, एका साध्या संगमरवरी शिळेखाली.