उपाशीपोटी वाढलेली साखर

(दृश्य : पहाटेचा अंधुक उजेड. बोटाला टोचलेली सुई, पट्टीला टेकलेला रक्ताचा थेंब.)

रात्री झोपताना साखर १२२ होती. त्यानंतर पोटात अन्नाचा कणही गेलेला नाही, तरी सकाळी ग्लुकोमीटर १४८ दाखवतो. मधुमेह असलेल्या कितीतरी जणांना हा आकडा पाहून अपराधी वाटतं. काल काय चुकलं, याची मनात उजळणी सुरू होते. पुष्कळदा काहीच चुकलेलं नसतं.

पहाटे साधारण ३ ते ८ या वेळात शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन ही संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर तयार करून रक्तात सोडतं. मधुमेह नसेल तर स्वादुपिंड लगेच जादा इन्सुलिन देऊन हिशेब जुळवतं. मधुमेहात एक तर ते अपुरं पडतं, नाहीतर पेशी त्याला दाद देत नाहीत.

आणि नेमकी याच वेळी न्याहारी समोर येते.

(दृश्य : टेबलावर एक चमचा साखर. शेजारी न्याहारीची बशी.)

या चमच्याकडे नीट बघा. ५ ग्रॅम साखर. निरोगी माणसाच्या अंगातल्या सुमारे ५ लिटर रक्तात उपाशीपोटी जवळपास एवढंच ग्लुकोज असतं. आता शेजारी बघा : ब्रेडच्या दोन स्लाइस, वर जॅम, आणि ग्लासभर फळांचा रस. कर्बोदकं, म्हणजे पचून ज्यांची साखर होते ते घटक, सहज ६० ग्रॅमपर्यंत जातात. असे बारा चमचे! ही साखर रक्तातून पेशींत पोचवायची ती इन्सुलिनने, आणि सकाळी त्याचाच जोर कमी. म्हणून दुपारी जे खाऊन साखर आटोक्यात राहते, तेच सकाळी खाल्लं की आकडा चढतो. इन्सुलिन घेणाऱ्या अनेकांना हे सवयीने कळलेलं असतं : तेवढ्याच कर्बोदकांना सकाळी जास्त युनिट लागतात.

त्यातही रस सगळ्यात घाईचा. चावायचं काही नाही, चोथा गाळून टाकलेला. अख्खं फळ सावकाश पचतं. अंडं, दही किंवा भाजी आधी आणि ब्रेड शेवटी, एवढा क्रम बदलला तरी साखर कमी उसळते.

मग न्याहारीच सोडली तर? टाइप २ मधुमेहात त्याने दुपारच्या जेवणानंतरची साखर उलट जास्त वाढू शकते. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर अचानक उपाशी राहणं, कर्बोदकं एकदम तोडणं धोक्याचं आहे. साखर झपकन खाली येते : घाम, थरथर, कधी शुद्धही हरपते. कृपा करून हे मनाने करू नका.

(दृश्य : एक साधी वही. पेन हातात.)

न्याहारीआधीचा आकडा लिहा, काय आणि किती खाल्लं ते लिहा. पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा तपासा. बहुतेक प्रौढांसाठी आधी ८० ते १३० आणि नंतर १८०च्या आत, असं लक्ष्य धरतात. गरोदरपणात ते जास्त कडक असतं, उतारवयात बरंच सैल. एखाद्या दिवशी तीच न्याहारी करून पंधरा मिनिटं चाला आणि तो आकडाही लिहा. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात.

आठवड्याभराने ही वही डॉक्टरांसमोर उघडा. औषधाची मात्रा बदलायची की बशीतला ब्रेड कमी करायचा, हे त्यांना त्यावरून ठरवता येईल.