एका सेकंदाची शांतता

कानात एक आवाज येतो. तो संपता संपता समोरच्या बारीक नळीतून डोळ्यावर हवेची फुंकर सुटते, जेमतेम 100 मिलिसेकंदांची. पापणी मिटते; हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या की नुसत्या आवाजावर, फुंकरीच्या आधीच, पापणी खाली येऊ लागते. सांगड बसली.

मोजायची ती फुंकरीच्या अगदी अलीकडे मिटलेली पापणी. आवाज सुरू होताच दचकून झालेली उघडझाप धरली, तर न शिकलेला माणूसही शिकलेला ठरतो. समोर मूकपट लावला की लक्ष त्यात राहतं.

1998 मध्ये सॅन दिएगोत रॉबर्ट क्लार्क आणि लॅरी स्क्वायर यांनी हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाला, इजा झालेल्या चार विस्मृतिग्रस्तांची अशी चाचणी घेतली. आवाजाला लागूनच फुंकर आली, तेव्हा ते इतरांसारखेच शिकले. मग आवाज आधीच थांबवून मध्ये एक सेकंदापर्यंत शांतता ठेवली. इथे ते अडले. निरोगी माणसांतही, फुंकर कशानंतर येते हे ज्यांना उमगलं नव्हतं, ते इथेच अडले.

आवाज आणि फुंकर एकमेकांना भिडली, तर सांगड लहान मेंदूतच बसते. मध्ये फट पडली की संपून गेलेला आवाज फुंकर येईपर्यंत धरून ठेवावा लागतो. ते लहान मेंदूला एकट्याला झेपत नाही. तिथे हिप्पोकॅम्पस लागतो.

म्हणूनच ‘एच. एम.’ या प्रसिद्ध विस्मृतिग्रस्त रुग्णाचे याच चाचणीतले निकाल जपून वाचावे लागतात. 1953 च्या शस्त्रक्रियेत त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग दोन्ही बाजूंनी काढला होता. फट नसलेल्या सोप्या प्रकारातही त्यांना जास्त फेऱ्या लागल्या, पण तो दोष हिप्पोकॅम्पसवर टाकणं घाईचं: अपस्माराच्या फेनिटॉइन या औषधाशी जोडली जाणारी झीज त्यांच्या लहान मेंदूतही होती. दोन वर्षांनी पुन्हा बसवलं, तर सुमारे एक दशांश फेऱ्यांत जमलं. यंत्र मात्र त्यांना आठवत नव्हतं.

भीतीची सांगड आणखी तिसरीकडे बसते. 1995 च्या एका प्रयोगात ठरावीक रंगाच्या स्लाइडनंतर कर्कश भोंगा वाजवला. अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीतीशी निगडित भाग, गमावलेल्या रुग्णाने भोंग्याचा रंग बिनचूक सांगितला, पण तो रंग दिसल्यावर त्वचेवरच्या घामाची नोंद हलली नाही. हिप्पोकॅम्पस गमावलेल्याची नोंद हलली, रंग सांगता आला नाही. ज्याचे दोन्ही गेले होते, त्याला दोन्ही जमलं नाही.