एकाच फ्लो सेलवर अनेकांचे नमुने

ड्राय आइसने भरलेल्या थर्माकोलच्या पेटीचे झाकण उघडले की आधी पांढरे धुके सांडते आणि मग दिसतात त्या करंगळीच्या पेराएवढ्या नळ्या. पुण्यातील पाषाणच्या एका प्रयोगशाळेत कित्येक महिने वाढवलेल्या पेशींचा आरएनए त्यांत आहे. पण त्यातील अक्षरांचा, म्हणजे रासायनिक घटकांचा, क्रम वाचणारे यंत्र त्या प्रयोगशाळेकडे नाही.

आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र एकमेकांच्या इतक्या जवळ आहेत की नमुना दुचाकीवरूनही पोहोचतो. तरीही सामायिक सिक्वेन्सिंग (क्रमवाचन) केंद्र लागते ते फ्लो सेलमुळे. नमुने जिच्यावर वाचले जातात ती काचेची ही पट्टी एकदा यंत्रात चढवली की भरलेली असो वा अर्धी रिकामी, तिचा पूर्ण खर्च पडतोच, आणि एका संशोधकाच्या आठ-दहा नमुन्यांनी मोठी फ्लो सेल भरत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्यातील तुकड्यांना मोजक्या अक्षरांची वेगळी खूण, म्हणजे इंडेक्स, जोडतात; वाचनासाठी असा तयार केलेला नमुना म्हणजे लायब्ररी. मग चार प्रयोगशाळांचे नमुने एकाच नळीत मिसळले तरी वाचन झाल्यावर संगणक त्या खुणेवरून ज्याचे त्याला निवडून देतो. डिसेंबर २०२० मध्ये इन्साकॉग हे करोना विषाणूतील बदलांवर लक्ष ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे स्थापन झाल्यावर करोना विषाणूच्या वाचनातही हीच युक्ती कामी आली: त्याचा जीनोम जेमतेम ३० हजार अक्षरांचा, माणसाचा सुमारे ३०० कोटींचा; त्यामुळे यंत्राच्या एका फेरीत, म्हणजे रनमध्ये, शेकडो रुग्णांचे नमुने बसू शकत.

यंत्राचे कौतुक सर्वांनाच असते. आमच्या मते मात्र केंद्राची पत ठरते ती त्याआधीच्या तपासणीच्या टेबलावर. डीएनए तुलनेने सोशिक, आरएनए अजिबात नाही. उघड्या बोटावरची विकरेसुद्धा त्याचे तुकडे करतात. शिवाय पेशीतील एकूण आरएनएपैकी ८० टक्क्यांच्या आसपास रायबोसोमचाच, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचाच, असतो, आणि तो टाळण्यासाठी बहुतेकदा जनुकांचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला त्याच्या पॉली-ए (सलग ‘ए’ अक्षरांच्या) शेपटीने पकडतात. रेणू मधेच तुटलेला असेल, तर शेपटीकडचा भाग तेवढा हाती लागतो. म्हणूनच अखंडतेला १ ते १० असे गुण देतात, आणि ७ च्या खालचा नमुना या पद्धतीने सहसा पुढे नेत नाहीत.

पडद्यावर आलेख उमटतो. रायबोसोमच्या अखंड आरएनएची दोन उंच, रेखीव शिखरे हवी होती. इथे ती खचून डावीकडे पसरली आहेत. गुण ४.९. तंत्रज्ञ फोन लावतात. पलीकडून पीएचडीची विद्यार्थिनी क्षणभर थांबून म्हणते, "मॅडम, लायब्ररी करू नका, मी पेशी पुन्हा वाढवते." फोन ठेवताच रनच्या यादीतले तिचे सहा नमुने खोडले जातात आणि प्रतीक्षायादीतले दुसऱ्या कुणाचे तरी सहा वर सरकतात.