सोडायचा मासा पाण्यातच ठरवा

(भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावाकाठच्या गावी, मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभेत केलेलं भाषण, थोडं संपादन करून.)

भावांनो, बहिणींनो, आता काही दिवसांत मृग लागेल. पहिला जोराचा पाऊस झाला, सांडवा वाहू लागला की मासा चढणीला लागतो आणि आपणही जाळं घेऊन तिथंच उभे असतो. तुमच्या संस्थेनं यंदा ठराव केला आहे की अंड्यावर आलेली मादी आणि लहान मासा परत सोडायचा. या ठरावाबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. मला बोलायचं आहे ते त्याच्या पुढचं. सोडलेला मासा जगला पाहिजे. हातातून सुटला, शेपटी मारून खोल गेला, म्हणजे तो वाचला असं नसतं. कित्येकदा तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतो. तेव्हा आपण तिथं नसतो, म्हणून आपल्याला वाटतं की वाचला.

रोहू, कतला, मृगल यांचं बीज आपण विकत आणून तलावात टाकतो. हे मासे वाहत्या पाण्यात, पुराच्या नदीत अंडी घालतात, साचलेल्या तलावात घालत नाहीत. म्हणून वैनगंगेत जाळं टाकणाऱ्यांनी पावसाळ्यात या माद्यांना जपायचं. किलोभर वजनाच्या रोहूच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. मरळ, मांगूर, शिंगी यांचं बीज मात्र आपला मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, स्वतःच देतो. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले हे तलाव शेकडो वर्षं हे बीज देत आले आहेत. म्हणून तलावावर मी सगळ्यात जास्त काळजी मरळीची करतो.

तिची पिल्लं तुम्ही पाहिली आहेत. काठाजवळ, गवताच्या कडेला, पाण्याच्या वरच्या थरात तांबूस-नारिंगी रंगाचा घोळका हलत असतो. हजारो पिल्लं एकत्र, आणि खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. तो मोठा मासा काढला की घोळका उघडा पडतो. मग बगळे आणि दुसरे मासे तो बघता बघता संपवतात. अशी मरळ जाळ्यात आली तर जिथं सापडली तिथंच सोडा. डोंग्यातून पलीकडच्या काठाला नेऊन सोडलेली मरळ जगेल, पण पिल्लं गेली.

आता हाताळण्याचं. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा त्याचं रक्षण करतो. रोगजंतूंना तोच अडवतो. कोरड्या हातानं, कोरड्या गमछानं धरलं की तो थर निघून येतो. उन्हात तापलेल्या दगडावर किंवा डोंग्याच्या फळीवर मासा टाकला तरी तेच होतं. तिथून पांढरी बुरशी धरते, चट्टा पडतो. भारतात १९८८ पासून आलेला लाल चट्ट्यांचा रोग तुम्हाला माहीत आहे. हिवाळ्यात मरळीला तो फार लागतो, आणि कातडीला इजा असली की त्याला आत शिरायला सोपं जातं. म्हणून आधी हात ओले करा, मगच मासा धरा. एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी, मासा आडवा. कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवू नका. कल्ला फाटतोच, आणि अंड्यांनी भरलेल्या जड मादीचं सगळं वजन तिच्या मणक्यावर येतं. शिंगीला मात्र जपून हात लावा. तिच्या कल्ल्यामागचा काटा विषारी असतो, हात सुजतो, हे इथल्या बायांना मी सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट वेळ. पाण्याबाहेर रोहूच्या कल्ल्यातले पातळ पापुद्रे भिजलेल्या वहीच्या पानांसारखे एकमेकांना चिकटतात आणि त्याचा श्वास कोंडतो. कॅनडात ट्राउट माशावर झालेला एक प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. दमवून लगेच पाण्यात ठेवलेल्या माशांपैकी १२ टक्के मेले. अर्धा मिनिट हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी ७२ टक्के. तो थंड पाण्यातला मासा आहे, आपल्या माशाचे आकडे वेगळे येतील. पण आपलं पाणीही गरम आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. वैशाखात गुडघाभर उरलेल्या तलावात दुपारी मासा आधीच धापा टाकत असतो. मरळ, मांगूर, शिंगी वरून हवा घेतात, त्यांना थोडी जास्त सवलत आहे. बाकीच्यांना नाही.

म्हणून माझं मागणं एकच. जाळं पूर्ण वर ओढू नका. मासे अजून पाण्यात असतानाच कोणता ठेवायचा, कोणता सोडायचा ते ठरवा, आणि सोडायचा तो तिथल्या तिथं मोकळा करा. सगळं टोपलीत ओतून मग निवडत बसलो तर निवडून होईपर्यंत सोडायचे मासे अर्धमेले होतात. फोटोसाठी मादी उचलून धरणाऱ्या पोरांनाही हे सांगा. जाळ्याचा दोरा कल्ल्याआड रुतला असेल तर मागे ओढू नका, जाळ्याची एक-दोन घरं कापा. जाळं विणायला किती कष्ट पडतात हे मला ठाऊक आहे, तरी म्हणतो कापा. दोन घरं संध्याकाळी सांधता येतात. गळ घशात खोल गेला असेल तर उपसू नका, दोरी तोंडाजवळ तोडून सोडा. उपसण्यापेक्षा त्यात मासा जगण्याची शक्यता जास्त असते.

सोडताना फेकू नका. पाण्याखाली सरळ धरा, नदीत असाल तर तोंड धारेकडे. मागेपुढे हलवायची गरज नाही. मागे ओढलं की पाणी कल्ल्यातून उलटं जातं. तो स्वतः जोर करेल तेव्हा हात सोडा.

आणि एक मासा या ठरावातून वगळा. थाई मांगूर म्हणून खपवला जाणारा आफ्रिकन मांगूर. त्याच्यावर देशात बंदी आहे, तो आपले देशी मासे खातो. जाळ्यात आला तर मादी असो, पिल्लू असो, त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं नाही. ओळख पटत नसेल तर बादलीत ठेवा आणि संस्थेच्या जाणत्या माणसाला दाखवा.