सड्यावर झाडं लावू नका

[दृश्य: मसाई पठार, मे महिना, ड्रोनमधून]

पन्हाळ्याच्या पश्चिमेला मसाई पठार. मे महिन्यातली दुपार. कातळ एवढा तापलाय की अनवाणी पाय ठेववत नाही. नजर जाईल तिथवर तांबूस-काळा दगड आणि करपलेलं गवत. असा माळ बघितला की बघणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो ‘ओसाड’. दुसरं वाक्यही ठरलेलंच असतं, ‘इथं झाडं लावायला पाहिजेत.’

[दृश्य: तीच जागा, सप्टेंबर]

चार महिन्यांनंतरची ही तीच जागा. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, गेंदाच्या पांढऱ्या टिकल्या, मधेच कवल्याचे पिवळे झुबके. यातलं एकही रोप कुणी लावलेलं नाही, एकाही बीला कुणी पाणी घातलेलं नाही. मे महिन्यात आपण ज्या दगडावर उभे होतो, त्याच्या भेगांमध्ये हे सगळं बी, कंद आणि गड्डे होऊन पडून होतं.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत, डोंगरांच्या माथ्यावर अशी सपाट पठारं आहेत. राधानगरी, भुदरगडकडं त्यांना सडा म्हणतात. दाट जंगल जसा अधिवास, तसाच हा सडाही. इथल्या जिवांना लागतं ते ऊन, वारा, उथळ माती आणि चार महिन्यांचं पाणी. सावली त्यांना नको आहे.

[दृश्य: पठाराची कडा, जांभ्याचा उभा छेद]

कड्यावर जांभ्याचा हा थर कसा उघडा पडलाय बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन दख्खनचा काळा दगड तयार झाला. त्यावर लाखो वर्षं ऊन-पाऊस झाला. पावसाच्या पाण्यानं दगडातली वाळूची द्रव्यं, चुना, क्षार विरघळवून नेले. जे विरघळत नव्हतं ते मागं राहिलं, म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम. लोहामुळं दगडाला हा तांबडा रंग आला, आणि जिथं ॲल्युमिनियम जास्त साचलं तिथं बॉक्साइट झालं. पाण्यानं सगळं सत्त्व धुऊन नेलं म्हणूनच इथल्या मातीत नत्र जवळजवळ नाही. मातीही बोट-दोन बोटं, कुठं तेवढीही नाही. मोठं झाड इथं मूळ धरत नाही ते या कारणानं. माणसानं तोडली म्हणून इथली झाडं गेली असं समजून कुणी हळहळत असेल, तर ती हळहळ खाली उतारावरच्या जंगलासाठी ठेवावी. तिथं ती खरीच आहे.

[दृश्य: कातळातली पाण्याची खळगी, अगदी जवळून]

ओंजळीएवढी ही खळगी. तळाला काळसर माती, वर चार बोटं पाणी. काठावर निळ्या-जांभळ्या फुलांची रांग. ही सीतेची आसवं. फूल नाजूक, देठ दोऱ्यासारखा. पण या झाडाची खरी गंमत मातीखाली आहे. तिथं त्याला मोहरीपेक्षाही लहान फुगे असतात, आणि प्रत्येक फुग्याला एक झडप. झाड फुग्यातलं पाणी बाहेर टाकतं, आत पोकळी तयार होते, झडप घट्ट बसते. ओल्या मातीत फिरणारा एखादा सूक्ष्म जीव झडपेवरच्या केसाला लागला की झडप आत उघडते आणि पाण्याबरोबर तो जीवही आत ओढला जातो. डोळ्याची पापणी लवायच्या आत. मग तो आतच पचतो. मातीत नत्र नाही, तेव्हा या झाडानं ते असं मिळवलं.

[दृश्य: दवबिंदू, पानावर अडकलेलं चिलट]

शेजारीच दवबिंदू. पानावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकावर चकाकणारा थेंब. दव वाटतं, पण भर दुपारीही हा थेंब वाळत नाही, कारण तो डिंकासारखा चिकट आहे. या चिलटाचा एक पाय अडकलाय. सुटायला जेवढी धडपड करावी तेवढे आणखी केस लागतात. आता पान हळूहळू आत वळेल. हे सगळं चित्रण आम्ही जमिनीवर पालथं पडून केलंय. उभ्यानं चालत गेलं तर ही झाडं दिसत नाहीत, फक्त पायाखाली येतात.

[दृश्य: सुटा दगड, कडेनं, आतली सावली]

पठारावर हे जे सुटे दगड पडलेत, ते कुणाचं तरी छप्पर आहेत. खाली फुरसं असतं, विंचू असतो, पाली असतात. बाहेरचा कातळ तापतो तेव्हा खाली गारवा राहतो, ओल राहते. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाजीपूरच्या परिसरातून पालीची एक नवी जात नोंदवली आणि तिला कोल्हापूरचंच नाव दिलं, निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. तोवर विज्ञानाला ती ठाऊकच नव्हती. उंच आवाज करत टिटवी फिरतेय म्हणजे जवळ तिची अंडी आहेत. घरटं कसलं, उघड्या जमिनीवर चार खडे आणि त्यात खड्यांसारखीच अंडी. चहूबाजूंनी मोकळं दिसतं म्हणून तर टिटवी इथं अंडी घालते. तिच्या शेजारी झाड उभं केलं की त्यावर कावळा येऊन बसतो आणि त्याला वरून सगळं दिसतं.

[दृश्य: पठाराच्या कडेचं गवत, कंदीलपुष्प]

हे फूल सापडायला पूर्ण सकाळ गेली. कंदीलपुष्प. खाली फुगीर, मधे नळी, वर पाकळ्यांची टोकं एकत्र जुळलेली. लहान माश्या वासाला भुलून नळीत उतरतात. नळीच्या आतले केस खालच्या दिशेनं असतात, त्यामुळं उतरता येतं पण वर चढता येत नाही. माशी आत फिरत राहते, तिला पराग चिकटतात. मग केस कोमेजतात आणि माशी सुटते ती पुढच्या फुलाकडं. कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत आहेत, जगात दुसरीकडं कुठंही नाहीत. शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव यांनी या वनस्पतींवर आयुष्यभर काम केलं, नव्या जाती शोधल्या आणि विद्यापीठाच्या बागेत त्या वाढवल्याही. कोल्हापूरकरांनी याचा अभिमान बाळगावा. पण बागेतली कुंडी ही विम्यासारखी. ती माशी, ते गवत, तो उतार कुंडीत येत नाही.

[दृश्य: सावराई सडा, गव्यांचा कळप]

राधानगरी अभयारण्यातला सावराई सडा. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत आलं की गवे जंगलातून सड्यावर येतात. दिवसा सावलीला जंगल, चरायला सडा. गव्याला दोन्ही लागतात. दाजीपूरचं हे रान राजर्षी शाहू महाराजांच्या काळात शिकारीसाठी राखलेलं होतं. १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये क्षेत्र वाढून ते ३५१ चौरस किलोमीटर झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत राधानगरीचा समावेश झाला. सडे आणि जंगल एकाच हद्दीत राखले गेले, हे राधानगरीचं मोठेपण.

हद्दीबाहेरच्या पठारांचं काय? वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ‘संवर्धन राखीव’ हा नवा प्रकार आला. सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी बोलून तो जाहीर होतो. देखरेखीच्या समितीत त्या भागातल्या ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी बसतात. २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड या पाच संवर्धन राखीव क्षेत्रांना मान्यता दिली. उत्तरेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, मधे राधानगरी, दक्षिणेला तिलारी, असा वाघाच्या वाटेचा पट्टा त्यामुळं जोडला जातो. पुढं मसाई पठाराचंही नाव संवर्धन राखीवमध्ये आलं. दर्जा मिळाला म्हणून पठार आपोआप जपलं जात नाही. समितीची बैठक व्हावी लागते, गाडी अडवायला माणूस लागतो.

[दृश्य: पठारावर चाकांच्या खुणा, बॉक्साइट खाणीचा खड्डा]

चाकांच्या या खुणा गेल्या पावसाळ्यातल्या. जिथून चाक गेलं तिथं यंदा फूल नाही. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड तालुक्यांत बॉक्साइटसाठी सड्यांचा माथाच काढला गेला. खड्डा बुजवता येतो, लाखो वर्षांत घडलेला जांभ्याचा थर परत घालता येत नाही.

[दृश्य: पठाराखालचा झरा, मग कासारी नदी]

पठारावर पडलेला पाऊस जांभ्याच्या छिद्रांतून आत मुरतो आणि खाली कठीण थर लागला की कडेनं झरा होऊन निघतो. मसाईच्या दक्षिण उताराचं पाणी कासारीला मिळतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. पुढचं कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको.

[दृश्य: पठारावर खणलेले खड्डे, बाहेरून आणलेली माती]

आता झाडांबद्दल. वृक्षारोपणामागचा हेतू चांगलाच असतो, त्यात शंका नाही. पण सड्यावर खड्डा घ्यायचा तर कातळ फोडावा लागतो, बाहेरून माती आणावी लागते. मातीबरोबर तणाचं बी येतं. त्यात ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली तर तिच्या मुळांवर नत्र साठवणाऱ्या गाठी असतात. माती सुपीक होते, उंच गवत माजतं, आणि नत्राशिवाय जगायला शिकलेलं दवबिंदू त्या गवतात हरवतं. कुंपण घालूनही प्रश्न सुटतोच असं नाही. साताऱ्याकडं कास पठाराला कुंपण घालून चराई थांबवली, तेव्हा गवत वाढून फुलं कमी झाल्याची तक्रार पुढं आली आणि कुंपण काढलं गेलं. इथले गवळी-धनगर पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारत आलेत. बेताची चराई सड्याला मानवते. वणवा मात्र मानवत नाही.

[दृश्य: पठाराखालचा उतार, गावाची हद्द, रोपं नेणारी मुलं]

झाडं लावायची आहेतच, तर जागा खाली आहे. पठाराच्या उतारावर जिथं जंगल तुटलंय तिथं अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ लावा. ओढ्याच्या काठाला करंज लावा, गावच्या देवराईत जिथं मोकळं पडलंय तिथं तिथल्याच झाडांचं बी टाका. खड्डे जूनच्या आधी घ्या आणि पहिली तीन वर्षं गुरांपासून राखा. पावसाळ्यात मसाईला फुलं बघायला येणार असाल तर गाडी पठारावर चढवू नका, मळलेल्या पायवाटेनं चाला, दगड उलटू नका. आणि गावाच्या वृक्षारोपणाच्या यादीत सड्याचं नाव आलं, तर ग्रामसभेत उठून ते काढायला सांगा.